नजर ओढली जाते की अडकते?

प्रश्न असा आहे. खूप चित्रांच्या गर्दीत आपण एखादी वस्तू शोधतोय आणि मधेच एखादं भीतीदायक किंवा अंगावर येणारं चित्र असेल, तर मेंदू त्याचं काय करतो? ते आपोआप डोळ्यात भरतं का? आणि ‘काय दिसलं हे कळायच्या आधीच अमिग्डाला (मेंदूतला एक छोटा भाग) धोक्याची घंटा वाजवते’ असं जे जिथे तिथे वाचायला मिळतं, ते कितपत खरं?

घंटेची गोष्ट अर्धीच खरी आहे. मी बरीच वर्षं लोकांना पडद्यासमोर बसवून हेच करायला लावते: चित्रं शोधा, बटण दाबा. हनुवटी टेकणावर, डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, केसांत चिकट जेल आणि समोर बुबुळावर रोखलेला कॅमेरा. इतक्या ट्रायल बघून माझं मत असं झालंय की भावनिक चित्र नजर ओढतं त्यापेक्षा ती अडकवून जास्त ठेवतं. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण मेंदूत त्या वेगवेगळ्या वेळी घडतात. लोकप्रिय लेखांमध्ये त्यांची सरमिसळ होते आणि सगळं श्रेय अमिग्डालाच्या पदरात पडतं.

आधी एक ट्रायल जवळून बघू. पडद्याच्या मधोमध अधिकचं चिन्ह. नजर त्यावर ठेवायची. अर्ध्या सेकंदाने तिथे नऊ चित्रं येतात, तीन ओळी आणि प्रत्येकीत तीन. आठ फुलांची, एक सापाचं. सगळी एकाच जातीची आहेत की एक वेगळं आहे, एवढंच सांगायचं. बहुतेकांचं बोट सेकंदभरात, फार तर थोडं उशिरा, बटणावर पडतं. पडदा कोरा. पुन्हा अधिकचं चिन्ह. असं शेकडो वेळा.

त्या सेकंदभरातली खरी अडचण डोळ्यांची आहे. आपल्याला स्वच्छ दिसतं ते नजरेच्या केंद्रातल्या जेमतेम दोन अंशांत. हात सरळ लांब करून अंगठा धरलात तर त्याची रुंदी साधारण तेवढी भरते. बाकीचं सगळं पुसट. डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारून हे पुसटपण भरून काढतात, म्हणून आपल्याला सगळंच लख्ख दिसतंय असं वाटत राहतं. म्हणजे पुढची उडी कुठे मारायची हे मेंदूला तिथे काय आहे ते नीट कळायच्या आधी ठरवावं लागतं. भावनेने शोधात ढवळाढवळ करायची असेल तर ती इथेच, या पुसट अंदाजाच्या टप्प्यावर करावी लागेल.

अंदाज कशावर बांधला जातो, याचं पहिलं नीट उत्तर १९८० मध्ये अॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी मांडलं. हिरव्या ठिपक्यांत एक लाल ठिपका असेल तर ठिपके दहा असोत की चाळीस, तो तितक्याच वेळात सापडतो. पण लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांच्या गर्दीत लाल उभी रेघ शोधायची असेल, तर वाढणारी प्रत्येक रेघ थोडा वेळ खाते. कागदावर आलेख काढला की पहिल्या बाबतीत रेषा सपाट येते, दुसऱ्या बाबतीत चढती. आमच्या धंद्यात हा चढ म्हणजे नाडीपरीक्षा. पुढे जेरेमी वुल्फ यांनी दाखवलं की या दोन टोकांच्या मधलाच शोध जास्त असतो: रंग, आकार, दिशा यांची पुसट माहिती नजरेला वाट दाखवत राहते आणि आपण निम्मं शोधतो, निम्मं आपोआप सापडतं.

तेव्हा ‘भीतीदायक चित्र आपोआप उठून दिसतं’ असं कुणी म्हणालं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: रेषा सपाट आहे का? आणि लगेच दुसरा: सपाट असेल तर ती भीतीमुळे सपाट आहे की चित्रातल्या रंगरेषांमुळे?

या दुसऱ्या प्रश्नाने भलेभले आडवे झाले आहेत. १९८८ मध्ये हॅन्सन आणि हॅन्सन यांनी चेहऱ्यांच्या गर्दीचा प्रयोग छापला. आनंदी चेहऱ्यांत रागीट चेहरा पटकन सापडतो, उलट मात्र होत नाही. निष्कर्ष मनाला लगेच पटणारा होता, त्यामुळे तो पाठ्यपुस्तकांत गेला. १९९६ मध्ये पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच छायाचित्रं पुन्हा तपासली. चेहरे भडक काळ्या-पांढऱ्यात बदलताना रागीट चेहऱ्यावर काळे डाग उमटले होते. लोक राग नव्हे, डाग शोधत होते. मधल्या करड्या छटा परत आणल्यावर रागाची आघाडी उरली नाही.

मग संशोधक रेघांच्या चेहऱ्यांकडे वळले. एक गोल, दोन भुवया, डोळे, तोंडाची कमान. इथे डागांचा प्रश्न नाही. २००१ मध्ये अर्ने ओमान यांच्या गटाने असे चेहरे वापरून पुन्हा रागीट चेहरा जिंकल्याचं दाखवलं. पण भुवया आत कललेल्या, तोंडाची कमान खाली वळलेली, म्हणजे त्या रेघा चेहऱ्याच्या गोलाला छेद देणाऱ्या दिशेने जातात. आनंदी चेहऱ्यात त्याच रेघा गोलाच्या वळणाबरोबर जातात आणि त्यात मिसळून जातात. २०१० च्या सुमारास याच ठेवणीच्या, पण चेहरा अजिबात न वाटणाऱ्या रेघा वापरून जवळजवळ तसाच निकाल काढून दाखवला गेला. आणि खऱ्या माणसांचे रंगीत फोटो वापरले की पारडं फिरतं. काल्वो आणि नुम्मेनमा यांच्या २००८ च्या कामात सर्वांत लवकर सापडला तो हसरा चेहरा. हसताना दात दिसतात, आणि पांढऱ्या दातांचा पट्टा पुसट नजरेलाही दिसतो. तुम्ही म्हणाल, मग हेही दातांचंच कौतुक. पण बेकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दातांसारख्या खुणा आवरून पाहिल्या तरी हसरा चेहरा पुढेच राहिला.

हे लांबण लावायचं कारण आहे. मी स्वतः या खड्ड्यात पडलेली आहे. सुरुवातीच्या एका प्रयोगात माझे साप फुलांपेक्षा इतके झपझप सापडत होते की मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं होतं. एका वरिष्ठ सहकाऱ्याने आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘‘चित्रं पुसून पाहिलीस?’’ म्हणजे साप की फूल हे कुणालाच ओळखता येणार नाही इतकी धूसर करून. केली. वेगातला फरक तसाच्या तसा. माझे साप सगळे वेटोळे घातलेले आणि गडद होते, फुलं फिकी आणि पसरट. वर्षभराचं काम एका दुपारी वाया गेलं. तेव्हापासून चित्रं निवडल्यावर मी आधी त्यांची सरासरी उजळता, कॉन्ट्रास्ट, जाड-बारीक रेघांचं प्रमाण जुळवते. मग सगळी चित्रं उलटी करून एक फेरी घेते, कारण उलट्या चित्रात रंगरेषा तेवढ्याच राहतात पण अर्थ लागायला उशीर होतो. उलट्या चित्रातही तेवढाच वेग दिसला, तर भावनेचं नाव काढायचं नाही.

एवढी चाळणी लावूनही सापांची गोष्ट पूर्ण वाहून जात नाही, हे मान्य करायला हवं. २००१ मध्येच ओमान, फ्लिक्ट आणि एस्टेव्हेस यांनी फुलं-आळंब्यांत साप-कोळी शोधायला लावले. चारऐवजी नऊ चित्रं ठेवली तरी साप सापडायचा वेळ फारसा वाढला नाही. उलट प्रकारात, म्हणजे सापांत फूल शोधताना, वाढला. ज्यांना फक्त सापाचीच भीती होती ते सापाच्या बाबतीत आणखी जलद, ज्यांना कोळ्याची ते कोळ्याच्या बाबतीत. २००८ मध्ये व्हनेसा लोब्यू आणि ज्यूडी डीलोच यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना स्पर्शपडद्यावर हेच करायला दिलं. फुलं, बेडूक, सुरवंट या सगळ्यांपेक्षा मुलांचं बोट सापावर आधी गेलं. लिन इस्बेल यांचं म्हणणं तर असं की वानरवर्गाची नजर एवढी तीक्ष्ण झाली त्यात सापांचा मोठा हात आहे, आणि २०१३ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या पल्विनार या भागात सापाच्या चित्रांना जोरात प्रतिसाद देणाऱ्या पेशी नोंदल्या गेल्या.

पण मग पिस्तूल? उत्क्रांतीत पिस्तूल नव्हतं. ब्रॉश आणि शर्मा यांनी २००५ मध्ये साप-कोळ्यांबरोबर पिस्तूल आणि इंजेक्शनची सिरिंज ठेवून पाहिली. ती तितक्याच पटकन सापडली. म्हणजे मेंदूकडे सापांची जन्मजात यादी असली तरी त्या यादीत नवी नावं घालायची सोय आहे. आणि यादी फक्त धोक्यांचीही नाही. तान्ह्या बाळाचा चेहराही लक्ष ओढतो. अँडरसन, लॉरेंट आणि यँटिस यांनी २०११ मध्ये त्याहून साधं काहीतरी दाखवलं: एखादा रंग शोधल्याबद्दल लोकांना थोडे पैसे दिले, की पुढच्या कामात तो रंग बिनकामाचा असला तरी नजर तिकडे वळते. त्या रंगात भीती नाही, राग नाही, भावनिक म्हणावं असं काहीच नाही. त्यामुळे मी ‘भावनिक चित्र’ हा शब्द सोयीपुरताच वापरते. मेंदूच्या दृष्टीने प्रश्न ‘हे माझ्यासाठी महत्त्वाचं ठरलं आहे का’ असा असतो. चित्र चांगलं की वाईट यापेक्षा ते किती खळबळ उडवतं, याचा परिणाम शोधावर जास्त होतो.

आता डोक्याच्या आतलं बघू. इथे इईजीचा, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींचा, आलेख फार उपयोगी पडतो, कारण तो मिलिसेकंदाच्या हिशेबात बोलतो.

चित्रं पडद्यावर आली की साधारण १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या बाजूला पी-वन नावाची पहिली मोठी लाट येते. ती मुख्यतः उजेड-अंधाराची, रेघांची. चेहरा असेल तर १७० च्या आसपास एन-१७०. आणि मग २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान येते माझी आवडती लाट, एन-टू-पी-सी. ती सरळ दिसत नाही, काढावी लागते. समजा लक्ष वेधणारं चित्र पडद्याच्या डाव्या बाजूला आहे. डावी बाजू उजव्या मेंदूत पोहोचते. उजव्या बाजूच्या इलेक्ट्रोडची नोंद घ्यायची, त्यातून डाव्या बाजूची वजा करायची, आणि शेकडो ट्रायलची सरासरी काढायची. उरते ती एक छोटीशी खळगी, एक-दोन मायक्रोव्होल्टची. सहभागी माणसाचे डोळे अजून अधिकच्या चिन्हावरच आहेत, बुबुळ हललेलं नाही, आणि तरी ही खळगी सांगते की लक्ष डावीकडे गेलं. पहिल्यांदा ती स्वतःच्या हाताने काढलेल्या आलेखात दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून प्रयोगशाळेत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

भावनेचा प्रश्न या खळगीने नीट विचारता येतो. आयमर आणि किस यांनी २००७ मध्ये लोकांना फक्त मधल्या चिन्हाची चमक बदलते का एवढंच बघायला सांगितलं. भोवतीच्या चेहऱ्यांशी काही देणंघेणं नाही. त्या बिनकामाच्या चेहऱ्यांत एक भ्यालेला चेहरा असला की त्याच्या दिशेने एन-टू-पी-सी उमटली. म्हणजे ओढ खरी आहे, ती नाकारता येत नाही. पण चिन्हाची चमक खरोखर बदलली, हातातलं काम आलं, की ही ओढ ओसरली.

ओढीच्या उलटी लाटही असते. तिला पी-डी म्हणतात. एखादं विचलित करणारं चित्र मेंदू दाबून टाकतो तेव्हा ती उमटते. म्हणजे एकाच भयानक चित्रासाठी मेंदूकडे दोन वागणुका आहेत: एकीत लक्ष तिकडे जातं, दुसरीत ते चित्र जागच्या जागी दडपलं जातं. कोणती वापरली जाईल, हे पुष्कळदा चित्रावर नव्हे, तुम्ही काय शोधताय आणि त्यात किती गुंतलाय यावर ठरतं.

त्यानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांपासून डोक्याच्या मध्य-मागच्या भागात एक लांबलचक, सावकाश लाट चढते, ती एल-पी-पी. भावनिक चित्रांना ती हमखास मोठी असते आणि चित्र समोर असेपर्यंत सेकंदभर, कधी त्याहून जास्त टिकते. माझ्या मते भावनिक चित्राची सगळ्यात भरवशाची सही हीच. १०० मिलिसेकंदांच्या परिणामांवर भांडणं चालू असतात, एल-पी-पीवर फारशी होत नाहीत. आणि ती उशिराची आहे. नजर पोहोचल्यानंतरची.

आता अमिग्डालाकडे येते. बदामाच्या आकाराच्या या भागाची घंटेची कीर्ती जोसेफ लडू यांच्या उंदरांवरच्या कामातून आली. एक ठरावीक आवाज आणि पाठोपाठ सौम्य झटका, असं शिकवलेल्या उंदरात आवाजाची माहिती थॅलॅमस या मेंदूतल्या वाटपकेंद्रातून थेट अमिग्डालात जाते, मेंदूच्या बाह्यावरणातून न जाता. कच्चा रस्ता, पण जवळचा. हा कानाचा रस्ता होता. तो माणसाच्या डोळ्यांना तसाच लावला गेला: डोळ्याकडून मध्यमेंदूतला सुपिरियर कोलिक्युलस, तिथून थॅलॅमसमधला पल्विनार, तिथून अमिग्डाला. २०१० मध्ये लुइझ पेसोआ आणि राल्फ अॅडॉल्फ्स यांनी या कल्पनेवर जोरदार आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, माणसाचं दृष्टी-बाह्यावरण स्वतःच इतकं वेगवान आहे आणि त्यातून इतक्या वाटा फुटतात, की एका चोरवाटेची गरजच काय?

मग २०१६ मध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या अमिग्डालात उपचारासाठी आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून नोंदी घेतल्या गेल्या. भ्यालेल्या चेहऱ्याला प्रतिसाद अवघ्या ७४ मिलिसेकंदांत सुरू झाला, आणि तोही चेहऱ्याच्या ढोबळ, पुसट भागाला. चोरवाटेचे समर्थक खूश झाले. पण त्याच प्रयोगातली दुसरी ओळ फार जण सांगत नाहीत: खळबळजनक प्रसंगांच्या छायाचित्रांना असा घाईचा प्रतिसाद आलाच नाही. अपघात, हल्ला, जखम यांची चित्रं समजायला वेळ लागतो. त्यांच्यात ‘भ्यालेले डोळे’ यासारखी एखादी ढोबळ खूण नसते.

लक्षाशिवाय अमिग्डाला काम करते का, हाही वाद आहे. व्हुल्युमिए यांच्या २००१ च्या प्रयोगात चेहऱ्यांकडे लक्ष नसतानाही ती जागी होत होती. पेसोआ यांच्या २००२ च्या प्रयोगात कडेच्या रेघांची दिशा सारखी आहे का हे अवघड काम दिलं, आणि ती गप्प झाली. मला यात विरोध दिसत नाही. हातातलं काम सोपं असेल तर लक्षाची शिल्लक उरते आणि ती भावनिक चित्राकडे गळते. काम घट्ट असेल तर गळायला काही उरत नाही.

आणि मग एस.एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी रुग्ण. उर्बाख-विथे या दुर्मीळ आजाराने तिच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डाला नष्ट झाल्या आहेत. तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. घंटेची गोष्ट खरी असती तर गर्दीत भ्यालेला चेहरा शोधायलाही ती मागे पडायला हवी. २००९ मध्ये त्सुचिया आणि सहकाऱ्यांनी तपासलं: असे चेहरे पटकन हेरण्यात ती इतरांसारखीच निघाली. मग तिचं बिघडलं काय? त्याचं उत्तर चार वर्षं आधीच मिळालं होतं. २००५ मध्ये अॅडॉल्फ्स यांच्या गटाने दाखवलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे आपणहून बघतच नाही. ‘डोळ्यांकडे बघा’ असं सांगितलं की तिला भीती ओळखता येते. सूचना थांबली की नजर पुन्हा भरकटते. अमिग्डालाबद्दल मी जे काही वाचलं त्यात हे दोन निकाल शेजारी ठेवल्यावर मला सगळ्यात जास्त कळलं. गर्दीतून चेहरा हेरायला अमिग्डाला लागत नाही. हेरल्यावर त्यात कुठे बघायचं, अजून काय माहिती काढायची, ते ठरवायला लागते.

शरीररचनाही याला साथ देते. माकडांच्या मेंदूत अमिग्डालाकडून दृष्टीच्या भागांकडे परत जाणारे तंतू थेट पहिल्या दृष्टिक्षेत्रापर्यंत पोहोचतात. २००४ मध्ये व्हुल्युमिए यांनी पाहिलं की अमिग्डालाला इजा झालेल्या रुग्णांत, भ्यालेल्या चेहऱ्याला चेहरे ओळखणाऱ्या फ्युसिफॉर्म भागात मिळणारी जादा चालना नाहीशी होते, जरी तो भाग स्वतः धडधाकट असला तरी. म्हणजे अमिग्डाला दृष्टीला म्हणते, हे धरून ठेव, अजून नीट बघ. घंटा हा शब्द मला म्हणूनच पटत नाही.

‘धरून ठेव’ या हुकमाची किंमत शोधात मोजता येते. स्टीव्हन मोस्ट आणि सहकाऱ्यांचा २००५ चा प्रयोग मी नव्या विद्यार्थ्यांना स्वतःवर करून बघायला लावते. एकाच जागी चित्रांची सरबत्ती, प्रत्येक चित्र १०० मिलिसेकंद. बहुतेक निसर्गदृश्यं किंवा इमारती. त्यातलं एकच आडवं फिरवलेलं, ते डावीकडे फिरवलंय की उजवीकडे एवढं सांगायचं. मधेच एक रक्तबंबाळ चित्र येतं. फिरवलेलं चित्र त्यानंतर २०० मिलिसेकंदांनी आलं तर पुष्कळदा दिसतच नाही. ८०० मिलिसेकंदांनी आलं तर दिसतं. डोळे उघडे, नजर तिथेच, आणि चित्र गायब. ‘‘आलंच नव्हतं’’ असं विद्यार्थी छातीठोकपणे सांगतात. मी रेकॉर्डिंग दाखवते.

पसरलेल्या चित्रांच्या शोधात हेच नजरेच्या वाटेवर दिसतं. समजा सायकल शोधायची आहे, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात जखमी हाताचं चित्र आहे. माझ्याकडच्या नोंदींत पहिली उडी बहुधा सायकलसारख्या कशाकडे तरी जाते: चाकासारखं गोल, बारीक रेघांचं काहीतरी. हात दुसऱ्या-तिसऱ्या उडीला येतो, इतर कुठल्याही चित्रासारखाच. पण तिथे नजर पोहोचली की निघायला वेळ लावते. कधी निघून परत येते. कोळ्यांना घाबरणाऱ्या माणसाच्या नोंदीत ही परत येणारी रेघ इतकी ठळक असते की नाव न वाचता फाईल ओळखता येते. १९८७ मध्ये लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी साक्षीदारांबद्दल दाखवलं तेही याच जातीचं. ग्राहकाच्या हातात धनादेशाऐवजी पिस्तूल असलं की बघणाऱ्यांची नजर त्या हातावर जास्त वेळा आणि जास्त वेळ थांबते, आणि चेहरा लक्षात राहत नाही.

हे सगळं एका चौकटीत बसवायचं तर ‘प्राधान्य-नकाशा’ ही कल्पना मला कामाची वाटते. मेंदूच्या पराएटल भागात आणि नजर हलवणाऱ्या पुढच्या नेत्रक्षेत्रात समोरच्या जागेचा एक नकाशा असावा आणि त्यावरची प्रत्येक जागा बोली लावत असावी, अशी. बोलीत तीन रकमा: जागा मुळात किती झळकते, मी जे शोधतेय त्याच्याशी ती किती जुळते, आणि पूर्वी अशा गोष्टीने मला सुख किंवा दुःख किती दिलं. भावना ही तिसरी रक्कम. ती नेहमी असते, पण दुसरी रक्कम मोठी असली की हरते. उत्तेजना वाढली की काय होतं, याबद्दल मारा मॅदर आणि मॅथ्यू सदरलँड यांनी २०११ मध्ये मांडलेलं मला पटतं: उत्तेजना सगळ्यांची बोली सारखी वाढवत नाही, आघाडीवर असलेल्याची वाढवते आणि मागच्यांची आणखी पाडते. त्यामुळे एकच धक्का एका शोधात मदत करतो आणि दुसऱ्यात घोळ घालतो. लक्ष्य मुळात ठळक असेल तर ते अजून लवकर सापडतं. पुसट असेल तर आणखी हरवतं.

आणि मेंदू चुकला तर? मेंदू या बाबतीत साप साप म्हणून भुई धोपटायला एका पायावर तयार असतो, कारण नसलेला साप दिसण्याची किंमत असलेला न दिसण्यापेक्षा फार कमी आहे. ही कलती तराजू सर्वांत असते. चिंतेचा विकार असलेल्यांत ती जास्त कललेली असते का, हे मोजायला मॅक्लिऑड, मॅथ्यूज आणि टाटा यांनी १९८६ मध्ये ठिपका-चाचणी आणली: दोन शब्द दाखवायचे, एक धोक्याचा, आणि मग एकाच्या जागी ठिपका, तो दिसल्यावर बटण किती लवकर दाबलं जातं ते मोजायचं. गटांची तुलना करायला ती ठीक आहे. पण एका माणसाची चाचणी दोनदा घेतली तर दोन वेगळे आकडे येतात. श्मुकले यांनी २००५ मध्ये तिची विश्वासार्हता तपासली तेव्हा ती जवळजवळ नव्हतीच. म्हणून कुणी एका बैठकीतल्या बटणांच्या वेगावरून ‘तुमचं लक्ष धोक्याकडे झुकलंय’ असं सांगून त्यावर लक्ष सुधारण्याचे पैसे मागत असेल, तर मी दारातूनच परत फिरेन.

तुम्हाला स्वतः प्रयोग करून बघायचा असेल, तर दोन गोष्टी वेगळ्या मोजा, एकाच सरासरीत घालू नका. एका फेरीत भावनिक चित्र हेच लक्ष्य ठेवा आणि चित्रांची संख्या चार, नऊ, सोळा अशी बदलून चढ काढा. दुसऱ्या फेरीत साधी वस्तू लक्ष्य ठेवा, भावनिक चित्र शेजारी बिनकामाचं पडू द्या, आणि नजर टिपणारा कॅमेरा मिळाला तर नजर तिथे पोहोचायला किती वेळ लागला आणि पोहोचल्यावर किती वेळ थांबली हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. मग तीच चित्रं उलटी करून दोन्ही फेऱ्या पुन्हा घ्या. माझा अंदाज विचाराल तर उलट्या फेरीत पोहोचण्याच्या रकान्यातला बराचसा फरक तसाच राहील, आणि थांबण्याच्या रकान्यातला उतरेल.